एनपीएस की म्युच्युअल फंड? प्रमाण बदलताना काय होतं ते बघा

निवृत्तीचे पैसे एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) टिअर-१ मध्ये, म्हणजे मुख्य पेन्शन खात्यात टाकावेत की सरळ म्युच्युअल फंडात, हे ठरवताना बरेच जण प्राप्तिकरातल्या ५० हजारांच्या जादा वजावटीवर अडतात. नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही, तेव्हा तो विषय सोडून देऊ. मला फरक जाणवतो तो इक्विटी आणि रोख्यांचं प्रमाण पुन्हा जागेवर आणताना.

बाजार चढला की ६०:४० चं बघता बघता ७०:३० होतं. फंडात ते परत बसवायचं म्हणजे युनिट विकणं आलं. त्याच फंडघराच्या डेट (रोख्यांच्या) योजनेत ‘स्विच’ केलं तरी प्राप्तिकराच्या हिशेबी ती विक्रीच. समजा, त्यात चार लाखांचा दीर्घकालीन नफा निघाला. सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के, म्हणजे उपकर धरून ३५,७५० रुपये गेले. एक वेळ तेही चालेल, पण हिशेब नको होतो. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी. आधी घेतलेले युनिट आधी विकले असं धरायचं, त्यात वर्षाच्या आतले निघाले तर २० टक्के. २०२४-२५ चं विवरणपत्र भरताना तर २३ जुलै २०२४ च्या आधीची आणि नंतरची विक्री वेगळी दाखवायची होती, कारण दर मध्येच बदलले. तीन दशांशांपर्यंतच्या युनिटांची ती लांबलचक पत्रकं जुळवत बसलं की पुढच्या वर्षी प्रमाणाला हात लावायची इच्छाच होत नाही.

एनपीएसमध्ये लॉगिन करायचं, ई (इक्विटी), सी (कंपन्यांचे रोखे), जी (सरकारी रोखे) यांचे टक्के बदलायचे, ओटीपी टाकायचा. वर्षात चार वेळा मुभा, कर नाही, विवरणपत्रात ओळही नाही.

अर्थात, तिथे पैसे अडकतात. शेवटी काही रकमेची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित पेन्शन, घ्यावीच लागते आणि तिच्या पेन्शनवर कर बसतो. हे मलाही खुपतं. फंडातला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, तीही सोय एनपीएसमध्ये नाही. बॅलन्स्ड अॅडव्हांटेज फंड घेतला तर फेरफार आतल्या आत होतो, आपल्याला कर लागत नाही. मात्र प्रमाण फंड मॅनेजर ठरवणार. ज्यांना ते चालतं त्यांनी कदाचित एनपीएसच्या वाटेला जाऊही नये.

प्रमाण स्वतः ठरवायची खोड असेल तर मात्र मी म्हणेन, साठीच्या आधी लागू शकतील तेवढे पैसे फंडात ठेवा, बाकीचे एनपीएसमध्ये.