रोहयोचं काम ग्रामपंचायतीकडे द्यावं की यंत्रणेकडे?

कोणती कामं घ्यायची यावर ग्रामसभेत तास जातो. ती करणार कोण, हे मात्र उठता उठता ठरतं. पुढची सगळी रखडपट्टी तिथून सुरू होते.

महाराष्ट्रात रोजगार हमीचे दोन रस्ते आहेत. ग्रामपंचायतीचं काम पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जातं. कृषी, वन यांसारख्या यंत्रणांचं काम तहसीलदारांकडे. दोन्ही रस्ते जिल्हाधिकाऱ्यांपाशी मिळतात. मनरेगात खर्चाच्या हिशेबाने किमान निम्मी कामं ग्रामपंचायतीची, त्यामुळे प्रश्न उरलेल्या निम्म्यांचा.

आधी पैसा बघा. मनरेगात अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची आणि ती थेट मजुराच्या खात्यात. साहित्याचे ७५ टक्के केंद्राचे, २५ राज्याचे. मजुरी आधी येते, सिमेंट-खडीची बिलं मागे राहतात, आणि उधारीवाला सरपंचाचं दार ठोठावतो. शिवाय ६०:४० चं प्रमाण आहेच, म्हणजे खर्चात मजुरी किमान ६० टक्के, साहित्य फार तर ४०. समजा, ५ लाखांच्या सिमेंट रस्त्यात ४ लाख साहित्य आणि १ लाख मजुरी. हे प्रमाण भरून काढायला निव्वळ मजुरीची आणखी ५ लाखांची कामं हवीत. आराखड्यात ती नसतील तर रस्त्याचा हट्ट धरू नका.

वेळेचं गणित वेगळं. आठवड्याचा हजेरीपट बंद झाला की मोजमाप, पुस्तिकेत नोंद, मग एफटीओ, म्हणजे खात्यात पैसे टाकण्याचा आदेश. ग्रामपंचायतीच्या कामात तांत्रिक सहायकाकडे अनेक गावं असतात, म्हणून मोजमाप लांबतं. यंत्रणेकडे स्वतःचा तांत्रिक माणूस असतो, पण मागणी नोंदवणारा ग्रामरोजगार सेवक गावात आणि हजेरीपट तहसीलमध्ये. मागणी या दोघांच्या मधेच पडून राहते. मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी. सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने सहा दिवसांचे १,८७२ रुपये होतात, त्यावर दिवसाला ९४ पैसे. एवढ्यासाठी कोणी फाइल हलवत नाही.

म्हणून शोषखड्डे, गाळ काढणं, रोपं लावणं अशी मजूरप्रधान कामं ग्रामपंचायतीकडेच ठेवा. सिमेंट नाला बांधासारखं आखणी आणि साहित्य जास्त लागणारं काम यंत्रणेला द्या, पण जागेची पाहणी आणि अंदाजपत्रक तयार असेल तरच. नुसतं 'सेल्फवर', म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, टाकलेलं काम मजुराच्या उपयोगाचं नाही. काम कोणाकडेही द्या, नमुना ४ म्हणजे काम मागणीचा अर्ज भरल्यावर तारखेची पोच घ्याच. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा दावा त्या कागदावरच उभा राहतो, आणि तो भत्ता राज्याला द्यावा लागतो.

मनरेगाच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात हमी १२५ दिवसांची आहे. मजुरीतही महाराष्ट्रासारख्या राज्यांना ४० टक्के भार उचलायचा आहे. केंद्र ठरवून देईल त्या रकमेपलीकडचा खर्च राज्याचा, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत कामं थांबवता येतील. आराखड्यातली मजूरप्रधान कामं त्या दिवसांच्या बाहेर बसवा.