धार लावायचा दगड: नऊ महिन्यांचा अनुभव, चार कापाकापींसकट

दिवाळीच्या आधी ऑनलाइन मागवला होता, आता आषाढ लागला म्हणजे नऊ महिने धरा. दोन बाजूंचा पाण्यात भिजवायचा दगड, एका अंगाला १००० ग्रिट (म्हणजे दगडाचा कण, आकडा मोठा तेवढा बारीक), दुसऱ्याला ६०००, खाली रबराचा बेस आणि सोबत घासताना कोन सांभाळायला सुरीला अडकवायची एक प्लास्टिकची क्लिप. नऊशेच्या आसपास पडला. घ्यायचं कारण एवढंच की आमच्या सांगलीत, निदान आमच्या गल्लीत तरी, सायकलवरचा धारवाला आता महिनोन्महिने फिरकत नाही, आणि आला तरी चाकावर ठिणग्या उडवत सुरी निम्मी झिजवतो, त्यात पातं तापून कडेला निळसर पडलं की तिथलं पाणीच, म्हणजे लोखंडाचा कडकपणा, उतरतं, मग चार दिवसांत परत बोथट.

दगड चांगलाय, ते आधीच सांगते. दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबले की काढायचा. क्लिप मात्र पहिल्याच आठवड्यात फेकून दिली, पात्यावर ओरखडे पाडत होती. कोनाचं म्हणाल तर पातं चार सेंटीमीटर रुंद असेल तर मागची कड दगडापासून एक सेंटीमीटर वर उचलायची, पंधरा अंशांच्या आसपास येतं. सुरुवातीला मी धारेवर काळा मार्कर फिरवायचे आणि दोन-तीनदा घासून बघायचे शाई कुठली गेलीय, म्हणजे कोन चुकतोय का ते दिसतं. एका बाजूनं घासत गेलं की दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक झालर उभी राहते, बोटाला किंचित खरखर लागते. हे बोट मागच्या कडेकडनं धारेच्या बाहेर अलगद न्यायचं, धारेच्या लांबीनं चुकूनसुद्धा नाही. झालर आली की बाजू बदलायची, शेवटी ६००० वर हलक्या हातानं ती काढून टाकायची. मग सुरी धुवायची, दगडाचा काळा राडा टोमॅटोत नको.

आता मुद्द्याचं. नऊ महिन्यांत घरात चार वेळा कापलं. चारही वेळा धार लावल्यापासून दोन दिवसांच्या आत, आणि त्यातलं भाजी चिरताना फक्त एकदा! बाकी तीन सुरी पुसताना, ड्रॉवरमधे हात घालताना आणि भांडी घासताना. म्हणजे सुरी बदलली पण आमचे हात जुन्या बोथट सुरीचेच राहिले.

पहिला नंबर माझा. सुरी धुतली, नॅपकिनच्या घडीत धरली आणि दांड्याकडनं टोकाकडं सर्रकन ओढली, पंधरा वर्षं अशीच पुसत आलेय. नॅपकिनला चीर पडली ती दिसली, बोटाला पडलेली रक्त आल्यावर कळली. आता पातं ओट्यावर आडवं ठेवते आणि मागच्या कडेकडनं धारेकडं पुसते, एक बाजू झाली की उलटून दुसरी. दुसरा नंबर नवऱ्याचा. ड्रॉवरमधे सोलाणं शोधायला न बघता हात घातला. त्या दिवसापासून सुरी ड्रॉवरमधे नाही. मिठाईच्या बॉक्सचा पुठ्ठा दुमडून चिकटपट्टीनं म्यान केलंय, दिसायला गबाळं आहे पण काम करतं. चुंबकाची पट्टीपण लावलीय भिंतीला, तिथं आधी मागची कड टेकवायची आणि मग पातं झोपवायचं, काढताना उलटं, नाहीतर धार पट्टीवर आपटून खराब होते. आणि मुलाचा हात पोचणार नाही एवढी उंच.

चिरताना कापलं ते टोमॅटो करताना. बोथट सुरीनं टोमॅटो कापायचा म्हणजे आधी दाबायचा, मग करवतीसारखं पुढंमागं. तेवढाच जोर लावला आणि सुरी टोमॅटोतनं पार होऊन नखाला भिडली. धारदार सुरीला तिच्या वजनाएवढा जोर पुरे होतो, हे ऐकलेलं होतं पण हाताला कोण सांगणार. म्हणून आता धार लावल्यावर पहिल्यांदा एखादी काकडी मुद्दाम हळूहळू चिरते, बोटांची टोकं आत वळवून, पात्याची बाजू बोटाच्या पेराला घासत. पाटाखाली ओलं फडकं टाकते, पाट सरकत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरायचं बंद, धार एका दिवसात जाते.

चौथं लिहायला जीवावर येतंय. रात्री जेवणं झाल्यावर सुरी तशीच बेसिनमधे टाकली, वर कढई, वर साबणाचं पाणी. सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी फेसात हात घातला. अंगठ्याला दोन टाके पडले. त्या चिडल्या नाहीत, उलट टाके घालून परत येताना म्हणाल्या, "वैनी, तुमची आदली सुरीच बरी हुती, कांदाबी कापत नव्हती आन् हातबी." टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आठ दिवसांची भरपगारी सुट्टी हे सगळं केलं, तरी चूक माझीच. आता वापरलेली सुरी ज्यानं वापरली त्यानंच लगेच धुवायची, बेसिनमधे सोडायची नाही. आणि धार लावली की दांड्याला लाल रबरबँड, दोन-तीन दिवस. घरात सगळ्यांना त्याचा अर्थ माहितीय, मावशींना पण.

तेव्हा सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या होत्या, सांगलीत हळदीला काय तोटा. डॉक्टर म्हणाले जखमेत काही भरू नका, वाहत्या पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न उघडता दाबून ठेवा, तरी थांबलं नाही किंवा खोल असेल तर इकडं या. मी दर मिनिटाला उघडून बघत होते, ते चुकीचं.

सासूबाई स्वतः अजून विळीवरच. पन्नास वर्षांत एकदा मोठं कापलंय म्हणतात. त्यांचं बघून मला कळलं की त्यांचा नियम चिरण्याचा नाहीच, उठण्याचा आहे. दारात कोण आलं, फोन वाजला, काही असो, विळी आडवी केल्याशिवाय उठायचं नाही. तोच आता सुरीला लावलाय. हातात सुरी घेऊन दार उघडायला जायचं नाही, कुणाच्या हातात सुरी द्यायची नाही, ओट्यावर ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. आणि पडली तर पडू दे, हात मागं, पाय मागं. नवरा एकदा झेलायला गेला होता, क्रिकेट खेळल्यासारखा, नशीब चुकला झेल.

विळीला या दगडावर धार लावायच्या भानगडीत पडू नका. गोलाई असते, पाट धरावा का दगड तेच समजत नाही, मी पाच मिनिटांत नाद सोडला.

दगड मधे खोलगट व्हायला लागलाय, सपाट काचेवर ओला पॉलिश पेपर चिकटवून घासून घेते. महिन्यातनं एकदा धार, वीस मिनिटं लागतात. माघात ओल्या हळदीचं लोणचं घातलं तेव्हा दोन किलो हळदीच्या चकत्या एका बैठकीत झाल्या, सासूबाईंनी एक चकती उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता विळी भिंतीला सरकवली. पाचपैकी चार स्टार. एक कमी, कारण खोक्यात निरुपयोगी क्लिप देतात पण पात्याला घालायला साधं कव्हर देत नाहीत.