ट्वाइन आणि शुगरक्यूब: मराठी कोडी बांधताना कुठे चालतं, कुठे अडतं

शब्दांवर चालणारा साहसखेळ मराठीत करायला घेतला की पहिला प्रश्न येतो हत्याराचा. इन्फॉर्म ७, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, कोड्यांच्या बाबतीत दणकट आहे, २०२२ पासून मुक्तस्रोतही आहे. पण त्याचं आज्ञा वाचणं इंग्रजी वळणाचं: क्रियापद आधी, वस्तू नंतर. आपण म्हणणार ‘दिव्यात तेल घाल’. दिवा, दिव्यात, दिव्याला ही एकच वस्तू, हे त्याला शिकवण्यातच जीव जातो आणि कोडी राहतात बाजूला. म्हणून ट्वाइन. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालणारं. प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन, चौकोनांमध्ये बाण, आणि शेवटी हातात एकच एचटीएमएल फाइल.

सुरुवातीला त्यात हार्लो हा साचा (खेळ कसा चालेल ते ठरवणारा भाग) निवडलेला असतो. कोड्यांसाठी तो बदलून शुगरक्यूब घ्यावा. याद्या, मोजणी आणि जावास्क्रिप्ट हाताळायला तो सरळ पडतो. चौकोनांची नावं मराठीत चालतात. व्हेरिएबलची, म्हणजे बदलत्या किमती साठवणाऱ्या खणांची, नावं मात्र रोमनच लागतात. सगळ्या सुरुवातीच्या किमती ‘स्टोरीइनिट’ नावाच्या चौकोनात भरायच्या. हे नावही रोमन लिपीत, ‘एस’ आणि ‘आय’ कॅपिटल. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तरी ट्वाइन तक्रार करत नाही, चौकोन नुसता पडून राहतो.

आता मूळ दुखणं. ट्वाइनमध्ये खेळाडू दुव्यावर टिचकी मारतो, आणि दुवा दिसला की उत्तर फुटलं. ‘किल्ली कुलपाला लाव’ असं निळ्या अक्षरांत लिहिल्यावर कोडं कसलं उरलं? यावर बरा उपाय म्हणजे दुवे सगळे उघडे ठेवायचे आणि क्रम खेळाडूला लावायला लावायचा.

उदाहरण सोलापूरचंच घेऊ. चादरीचा बंद कारखाना, जकार्डचा माग, पुठ्ठ्यांची माळ तुटलेली, पाच पुठ्ठे जमिनीवर. जकार्डमध्ये पुठ्ठ्याला भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याची (कापडातली उभी) दोरी वर येते. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, दोरी खालीच राहते. खऱ्या मागाला शेकडो हूक असतात. खेळात आठ पुरेत, फोनच्या पडद्यावर ओळही तुटत नाही. भिंतीवर जुन्या चादरीचा तुकडा लटकवा, त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची बुट्टी (● म्हणजे दोरी वर, ○ म्हणजे खाली):

○○○●●○○○
○○●○○●○○
○●○○○○●○
○○●○○●○○
○○○●●○○○

खेळाडूने एकेक पुठ्ठा निवडायचा. निवड एका यादीत जोडत जायची. पाच झाले की माग चालवायचा आणि विणलेल्या पाच ओळी जशा येतील तशा दाखवायच्या. ‘चूक’ हा शब्द कुठेही नको, बिघडलेली बुट्टी दिसते तेवढं पुरे. प्रत्येक पुठ्ठ्यामागे लगेच बरोबर-चूक सांगितलं तर जास्तीत जास्त ५+४+३+२+१ म्हणजे १५ टिचक्यांत डोकं न लावता कोडं सुटतं. शेवटीच सांगितलं तर १२० क्रम आहेत, तेवढी चिकाटी कोणी दाखवत नाही.

पण वरचं चित्र नीट पाहा. पहिला आणि पाचवा पुठ्ठा एकसारखा, दुसरा आणि चौथाही. म्हणजे १२० पैकी चार क्रम बरोबर. कोडमध्ये पुठ्ठ्यांचे क्रमांक तपासले तर तीन अचूक उत्तरं ‘चूक’ ठरतात आणि खेळाडू, रास्तपणे, शिव्या घालतो. तुलना भोकांची करा, क्रमांकांची नको. खेळ ऐकून खेळणाऱ्यांसाठी ठिपक्यांसोबत ‘वर, खाली’ अशी शब्दांतली ओळही द्या. स्क्रीन रीडरवर (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नुसती वर्तुळं ऐकणं म्हणजे शिक्षा.

शुगरक्यूबची एक खोड इथेच चावते. एकाच चौकोनात राहून मजकूर बदलला तर मधले बदल नोंदले जात नाहीत. चार पुठ्ठे लावून पान रिफ्रेश केलं की पाटी कोरी. म्हणून प्रत्येक टिचकीने त्याच चौकोनात परत आणायचं. मग दुसरी भानगड: ‘व्हिजिटेड’ हे फंक्शन प्रत्येक परतीला एक भेट धरतं. तिसऱ्या भेटीला सूचना दाखवायची ठरवली असेल, तर ती तिसऱ्या पुठ्ठ्यालाच टपकते. फसलेले प्रयत्न मोजायला वेगळं व्हेरिएबल ठेवा. डावीकडचा मागे जाण्याचा बाणही चूक लगेच पुसून टाकू देतो. ‘मॅक्सस्टेट्स’ हे सेटिंग १ केलं की तो जातो.

उत्तर टाइप करून घ्यायची सोय आहे, टेक्स्टबॉक्स मॅक्रो (मॅक्रो म्हणजे शुगरक्यूबची तयार आज्ञा). मराठीत इथे खरी परीक्षा. समजा उत्तर आहे ‘दोऱ्या’. एक कीबोर्ड ‘ऱ’ हे अक्षर देतो, दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. जावास्क्रिप्टच्या खिडकीत एक छोटं फंक्शन लिहून ठेवावं: आधी एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोड अक्षरं एकाच रूपात आणणं), मग ‘ऱ’चा ‘र’, मग जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढणं, देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे, शेवटी कडेच्या मोकळ्या जागा छाटणं. खेळाडूचं उत्तर आणि तुमचं उत्तर, दोन्ही याच चाळणीतून काढा. एकच चाळलं तर बरोबर उत्तरही जुळणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ ही चाळणी सुधारत नाही, त्यासाठी मान्य उत्तरांची यादीच हवी. तीत ‘चादर’ असेल तर ‘चद्दर’ही घाला, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गावात एकच शब्द बरोबर धरणं हा कोड्याचा नव्हे, कोडं घालणाऱ्याचा दोष.

बाकी किरकोळ. मॅक्रोमधून दिलेल्या दुव्यांचे बाण नकाशावर बरेचदा उमटत नाहीत, त्यामुळे चालू चौकोनही सुटा वाटतो. घाईत पुसू नका. ‘सेव्हज’, ‘रिस्टार्ट’ ही बटणं इंग्रजीत येतात, पण बदलता येतात. वेबवरच्या ट्वाइनमध्ये गोष्ट ब्राउझरच्या पोटात राहते, डेटा पुसला की गेली. डेस्कटॉपची आवृत्ती घ्या, रोज आर्काइव्ह काढा. तयार फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते, मात्र फोनच्या व्ह्यूअरमध्ये सेव्ह टिकण्याचा भरवसा नाही. इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर चढवून लिंक देणं सोयीचं; झिप करत असाल तर आतल्या फाइलचं नाव रोमनमध्ये ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’च हवं.