जर्मनीची 'नागपूरकर फॅमिली' आणि आमचे गेलेले २,३८,०००

ज्यांच्या घरात कुणी जर्मन शिकतंय आणि ओ पेअरने जायचं चाललंय त्यांनी हे वाचाच. ओ पेअर हा प्रकार खोटा नाहीये, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतील अशा भानगडीत पडायचंच कशाला. तिकडच्या कुटुंबात राहायचं, त्यांची पोरं सांभाळायची, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, त्या बदल्यात वेगळी खोली, जेवण, महिन्याला २८० युरो पॉकेटमनी आणि भाषेच्या क्लाससाठी ७० युरो, आणि इन्शुरन्सपण फॅमिलीच भरते. म्हणजे फॅमिलीकडून पैसे येतात, आपल्याकडून जात नाहीत. हे एवढं एक वाक्य मला गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

बहिणीची जर्मनची ए२ लेव्हल झालेली, वय २६. व्हिसाचा अर्ज करताना २७ पूर्ण झालेले चालत नाहीत, हा नियम खरा आहे आणि एजंटने नेमका तोच पकडला. पुण्यातलं ऑफिस, नाव टाकत नाही कारण वकिलांनी सांगितलंय तक्रार दाखल होईपर्यंत गप्प बसा. तिथल्या मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "दादा, हिच्याकडे पाच महिने आहेत, तुम्ही विचार करत बसा, दार बंद होईल." वर भिंतीवर पेपरचं कात्रण लावलेलं, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी, म्हणजे श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या जर्मन राज्याशी, करार केला त्याचं. तो करार खरा, पण तो कुशल कामगारांचा, त्याचा आणि ओ पेअरचा काडीचा संबंध नाही, आणि त्या ऑफिसचा तर अजिबातच नाही. पण साताऱ्याहून गेलेल्या माणसाला सरकारी करार आणि श्टुटगार्टचं नाव एकाच भिंतीवर दिसलं की तो काय समजणार?

रजिस्ट्रेशन १५,००० भरले, त्याची पावती मिळाली. मग 'फॅमिली मॅचिंग' म्हणून ६५,०००. आठवडाभरात फॅमिली 'मिळाली' पण, मूळचे नागपूरचे, श्टुटगार्टला सेटल, दोन मुलं. व्हिडिओ कॉलवर त्या ताई आईशी मराठीत बोलल्या, पोळी-भाजी रोज असते म्हणाल्या, आईच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. आता कळतंय की हीच सगळ्यात मोठी खूण होती. घरात जर्मन बोलली गेली पाहिजे असा नियम आहे, आणि जर्मन ही त्या कुटुंबाची मातृभाषा नसेल तर ओ पेअर म्हणून येणारी मुलगी त्यांच्या मूळ देशातली चालत नाही. म्हणजे ती फॅमिली खरी असती तरी बहिणीला व्हिसा मिळाला नसता! आम्हाला जे बघून निर्धास्त वाटलं तेच नियमात बसत नव्हतं. आणि दोन मुलं म्हणे, पण कॉलवर एकदाही दिसली नाहीत, कधी शाळेत, कधी झोपलेली.

पण मला रात्री झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. कॉन्ट्रॅक्टची प्रिंट घेऊन आम्ही ऑफिसात बसलो होतो, समोर चहा, आणि मॅडमनी इन्शुरन्स व लँग्वेज कोर्स असे मिळून १,१०,००० मागितले. बहिणीने कॉन्ट्रॅक्टच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दादा, इथं तर लिहिलंय की इन्शुरन्स फॅमिली देणार." मॅडमनी कागद हळूच स्वतःकडे ओढला आणि हसून म्हणाल्या, "ते कॉन्सुलेटला दाखवायला असतं गं, प्रॅक्टिकली आधी आपण भरतो, मग फॅमिली परत करते." आणि मी बहिणीला गप्प केलं. जिने दीड वर्ष जर्मन शिकली तिला! पण मी तरी काय करणार होतो, ८०,००० आधीच गेलेले, उठून आलो असतो तर तेही गेले असते, आणि पाच महिन्यांचे तीन उरलेले. वडिलांनी पतसंस्थेतून १,२५,००० उचलले त्यातून हे भरले.

शेवटचे ४८,००० 'व्हिसा स्लॉट'साठी, म्हणजे व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी, कंपनीच्या नाही तर कुणा माणसाच्या सेव्हिंग खात्यावर, पावती नाही. लक्षात ठेवा, या व्हिसाची फी ७५ युरो आहे, वर व्हिसा सेंटरचा थोडा चार्ज, आणि अपॉइंटमेंट विकत मिळत नसते. स्लॉटचे पैसे मागितले की उठायचं.

अपॉइंटमेंट लेटर घेऊन मुंबईला गेलो. गेटवरच्या माणसाने यादीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं, लेटर उलटून बघितलं, आणि "पुढचे या" म्हणाला. मॅडमचा फोन बंद. पुण्यात गेलो तर ऑफिसला कुलूप, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो तुमच्यासारखे रोज येतात.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात म्हणे पैसे पुण्याच्या ऑफिसला दिले, पुण्यात जा. पुण्यात म्हणे ट्रान्सफर साताऱ्यातून झाली, तिकडे द्या. मी झिरो एफआयआर म्हणालो, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती, आता नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नंतर म्हणे हा देण्याघेण्याचा वाद आहे, सिव्हिल कोर्टात जा. खोटं लेटर, त्यावर खोटा शिक्का, हे सिव्हिल? एकाने तर बहिणीलाच विचारलं, एवढी शिकलेली आहेस तरी कशी फसलीस. शिकलेलीच होती म्हणून तिने बोट ठेवलं हो साहेब, पण तुम्ही कागद वाचायलाच तयार नाही. बँकेत गेलो तर "तुम्ही स्वतःहून पाठवले, आम्ही काय करणार", ते खातं कुणाचं हेसुद्धा सांगत नाहीत, ग्राहकाची गोपनीयता म्हणे. चोराची गोपनीयता आहे, आमचं मात्र आधार, पॅन, पासपोर्ट सगळं त्या ऑफिसात पडलंय.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उशीर केला की रक्कम पुढच्या खात्यांत पसरते, आम्हाला हे कळायला फार वेळ लागला. परदेशी नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवरच्या रजिस्टर्ड एजंटांच्या यादीत बघा, तिथल्या एजंटला सर्व्हिस चार्ज ३०,००० अधिक जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही. एजंट ब्लॉक्ड अकाउंट (तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) काढा म्हणाला तर समजा काहीतरी शिजतंय, ओ पेअरला ते लागत नाही. आणि कॉलवर मुलं दाखवा, खोली दाखवा म्हणा, खरी फॅमिली स्वतःहून दाखवते, त्यांची पोरं तुमच्या हातात द्यायची असतात.

बहिणीला मागच्या महिन्यात २७ पूर्ण झाली, तो रस्ता संपला. आता जर्मनची पुढची लेव्हल बी१ करतेय, आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे तिकडच्या कामासोबतच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी, यावेळी सगळे कागद तीच वाचते आणि मी गप्प बसतो. तिच्याच क्लासमधून बारामतीची एक मुलगी सापडली, तिच्याकडेही तेच कॉन्ट्रॅक्ट, तीच नागपूरकर फॅमिली, पत्त्यातली स्पेलिंगची चूकसुद्धा तीच, फक्त मुलीचं नाव बदललेलं. तिचे १,९०,००० गेलेत. आता दोघं मिळून एसपी ऑफिसला लेखी दिलंय. तुम्हाला कुणाला श्टुटगार्टची ही फॅमिली दाखवली असेल तर कॉन्ट्रॅक्ट, खात्याचे नंबर, व्हॉट्सअ‍ॅप चॅट काहीही डिलीट करू नका, आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. दोघांना सिव्हिल म्हणून हाकलतात, दहा जणांना हाकलणं जड जाईल.