हॅम्लेटचा रविवारचा क्लास, दादर: साडेचार हजारांत काय मिळालं

आधी व्यवहाराचं. दहा रविवार, सकाळी दहा ते एक, फी साडेचार हजार. दादर पश्चिमेला, फुलबाजारापासून पाच मिनिटं, दुसरा मजला, लिफ्ट नाही. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाईटही लिहायचंय.

मी कोर्टात लघुलेखक आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेरून एम.ए. इंग्रजीला बसले आणि पेपरात शेक्सपिअरचं नाटक ‘हॅम्लेट’ निघालं. वर्गात बाकी सगळी टीवायची पोरं, मला काकू म्हणणारी. लेक म्हणाली, ‘‘अगं आई, यूट्यूबवर सगळं फुकट आहे.’’ आहे, पण त्याला मधेच थांबवून वाद घालता येत नाही.

फीमध्ये ज्या छापील नोट्स मिळतात, त्या सरळ रद्दीत घाला. ‘हॅम्लेटच्या दिरंगाईची पाच कारणे’, म्हणजे बापाच्या खुनाचा सूड घ्यायला तो उशीर का करतो त्याची, एकाखाली एक, पाठ करा आणि पेपरात ओका. त्यात एक कारण ‘भित्रा स्वभाव’. समुद्रात चकमक चालू असताना चाच्यांच्या जहाजावर एकटा उडी मारणारा माणूस भित्रा? नाटकातल्या लेअर्टीझचं नाव तर तीन पानांत तीन तऱ्हेनं छापलंय. सरांनी स्वतः त्या नोट्स एकदाही उघडल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

पैसे वसूल होतात ते सरांमुळे. पहिले दोन रविवार त्यांनी हॅम्लेटला हातच लावला नाही. सूडनाट्य म्हणजे काय, ते टॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’वरून शिकवलं. नाटक साधारण १५८७ च्या आसपासचं, हॅम्लेटच्या दहा-बारा वर्षं आधीचं. भूत, वेडाचं सोंग की खरं वेड हा घोळ, नाटकातलं नाटक, शेवटी प्रेतांचा खच, हा सगळा ऐवज तिथे आधीच तयार होता. त्यातला हिरोनिमो स्वतः न्यायदानाच्या खुर्चीवरचा माणूस. पोराचा खून झालाय आणि राजापर्यंत दाद पोचत नाही. लोक अर्ज घेऊन येतात तेव्हा हा त्यांचे कागद दातांनी फाडतो. शेवटी स्वतःची जीभ तोडून टाकतो, म्हणजे कुणाला जबाब नोंदवायलाच नको. किडचा बाप लंडनमध्ये दस्तऐवज लिहून द्यायचं काम करायचा, हे सरांनी जाता जाता सांगितलं आणि मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. आमच्याच बिरादरीतला निघाला.

मग हॅम्लेट. हॅम्लेटच्या बापाचं भूत येऊन सांगतं, मी बागेत झोपलो होतो, भावानं कानात विष ओतलं. मी हात वर केला. ‘‘सर, मृत्यूपूर्व जबानी आमच्याकडे चालते, मृत्यूनंतरची नाही.’’ पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘मॅडम, हॅम्लेटलाही हीच शंका आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी काय म्हणतो ते काढा.’’ काढलं. हे भूत सैतानही असू शकेल, मला याहून भक्कम काहीतरी हवं, असं तो चक्क म्हणतो. म्हणून तो दरबारात खुनाचं नाटक लावतो आणि चुलत्याचा चेहरा बघत बसतो. ज्याला नोट्सवाले दिरंगाई म्हणतात, त्यातला बराच भाग मला तरी तपास वाटला.

चौथा रविवार मात्र या क्लासचा कळस. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश, जेमतेम शंभर ओळी, त्यावर पूर्ण तीन तास. क्लॉडियस, म्हणजे तोच खुनी चुलता, एकटा गुडघे टेकून बसलाय. भावाला मारल्याची कबुली देतो, पण ती ऐकायला कुणी नाही. हॅम्लेट येतो तोवर कबुली संपलेली, समोर फक्त पाठमोरा, प्रार्थनेला बसलेला माणूस. तलवार उपसतो आणि थांबतो. आत्ता मारला तर हा स्वर्गात जाईल, आणि माझा बाप मात्र पापांची कबुली द्यायचीही सवड न मिळता मेला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे सर, काशीत नेऊन मारल्यासारखं?’’ सरांनी खडू खाली ठेवला. ‘‘अगदी बरोबर. सूड घ्यायचा आणि वर मोक्षही द्यायचा, हे कसं चालेल?’’ 

हॅम्लेट निघून जातो, मग क्लॉडियस उठतो आणि म्हणतो, माझी प्रार्थना वर पोचलीच नाही. म्हणजे मारायला हरकत नव्हती! मी पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बसले. आणि पुढच्याच प्रवेशात पुराव्याचा एवढा कीस काढणारा हाच माणूस, पडद्यामागे कोण आहे ते न बघता तलवार खुपसतो. मरतो राजाचा मंत्री पोलोनियस.

आगरकरांबद्दल सर थोडेच बोलले, आणखी बोलायला हवं होतं. कोल्हापूरच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, आणि आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणलं, ‘विकारविलसित’, तेही त्याच सुमाराला, १८८३ मध्ये. भांडुपहून सीएसएमटीला जाताना रोज सँडहर्स्ट रोड लागतं. आता तिथे गाडी थांबली की डोंगरीच्या दिशेनं नजर जाते.

तक्रारी आणखी दोन. खुर्च्या त्या लिहायची फळी जोडलेल्या, माझ्या वयाच्या कमरेला तीन तास अशक्य, उशी न्या. दुसरी गंभीर. नवव्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, सर कल्याणहून येणारे, आलेच नाहीत. पाचव्या अंकातला कबरस्तानाचा प्रवेश त्यात गेला. पैसे परत मागितले तर ऑफिसातली बाई म्हणाली, ‘‘ताई, एक्स्ट्रा लेक्चर घेतील ना सर.’’ आतापर्यंत तीन तारखा मिळाल्या आहेत, लेक्चर झालेलं नाही.

दिवाळीनंतर ‘किंग लिअर’ची बॅच आहे. फी तीच, दोन हप्त्यांत भरता येते. मी पहिला हप्ता भरलाय. नोट्स नकोत म्हणून सांगितलं, तर म्हणे त्याचे पैसे कमी होणार नाहीत.