जामनगरची किनारी पक्षी सहल : बेळगावकरांसाठी परीक्षण

बेळगावातील निसर्गप्रेमींचा एक छोटा गट हिवाळ्यात जामनगरच्या किनाऱ्यावर पक्षी सहल नेतो. ही सहल मुख्यतः एकाच पक्ष्यासाठी आखलेली असते आणि तो पक्षी म्हणजे क्रॅब प्लोव्हर, खेकडे खाणारा किनारी पक्षी. राकसकोपला किंवा धुपदाळच्या जलाशयावर शेकाटे आणि टिटव्या पाहून ज्यांची नजर तयार झाली आहे, त्यांनी एका काळ्या-पांढऱ्या पक्ष्यासाठी इतका लांबचा प्रवास का करावा, हा प्रश्न रास्त आहे. हा पक्षी ज्या कुळात मोडतो, त्या कुळात त्याच्याशिवाय दुसरी एकही जात नाही. तो गोड्या पाण्याकडे सहसा फिरकत नाही आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच आयुष्य काढतो. भारतात तो पाहण्यासाठी कच्छच्या आखाताइतकी भरवशाची जागा क्वचितच सापडेल.

भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरणारे वेळापत्रक हा या सहलीचा सर्वांत मोठा गुण आहे. कच्छच्या आखातात समुद्र फार दूरवर हटतो, चिखलपट्टी आणि प्रवाळ उघडे पडतात आणि खेकडे शोधणारे पक्षी इतके पांगतात की चांगल्या दुर्बिणीतूनही ते ठिपक्यांएवढेच दिसतात. पाणी चढू लागले की मात्र तेच पक्षी हळूहळू किनाऱ्याकडे सरकत उंचवट्यावरच्या कोरड्या वाळूत एकत्र येतात. आयोजक लोकांना भरती सुरू होण्यापूर्वीच जागेवर नेऊन बसवतात. त्यासाठी पहाटे उठावे लागते आणि जेवणाच्या वेळा बदलतात, पण त्याबद्दल कोणी तक्रार करू नये, असे मला मनापासून वाटते.

मार्गदर्शक मराठीत बोलतात आणि थव्यापासून अंतर राखण्याबाबत कमालीचे काटेकोर आहेत. भरतीच्या वेळी विसावलेला थवा छायाचित्रासाठी पुनःपुन्हा उठवला, तर पुढच्या ओहोटीपर्यंत राखून ठेवायची ताकद तो उडण्यातच खर्च करतो. हे त्यांनी समजावून सांगितले आणि पुढे सरसावलेल्या हौशी छायाचित्रकारांना सर्वांसमोर थांबवले. थव्यातील करड्या रंगाची पिल्ले मोठ्या पक्ष्यांमागे खाण्यासाठी लकडा लावत फिरत होती. स्थलांतर करून आल्यावरही पालकांकडून अन्न मागणारी पिल्ले किनारी पक्ष्यांमध्ये विरळाच दिसतात. जाड, मजबूत चोचीने खेकडा फोडण्याचे काम शिकायला त्यांना वेळ लागत असावा, असा माझा अंदाज आहे.

छापील माहितीपत्रक मात्र निराशाजनक आहे. त्यात पक्ष्याचा रंग आणि आकार दिला आहे, पण त्याच्या विणीबद्दल एक ओळही नाही, आणि खरे नवल तर तिथेच आहे. अरबस्तान, इराण आणि सोमालियाच्या किनाऱ्यांवर हे पक्षी उन्हाळ्यात वसाहतीने वाळूत लांब बिळे खोदतात आणि आत एकच पांढरे अंडे घालतात. तापलेल्या वाळूची ऊब अंडे उबवण्यास हातभार लावते, त्यामुळे पालकांना बराच वेळ बिळाबाहेर राहता येते. मऊ, मोकळी आणि माणसांचा व श्वापदांचा उपद्रव नसलेली वाळू नसेल, तर हा पक्षी वीण करूच शकत नाही. हे ठाऊक असलेला प्रवासी समोरच्या थव्याकडे वेगळ्या आस्थेने पाहील.

दुसरी उणीव साधनांची आहे. सगळ्यांना मिळून तिकाटण्यावरची एकच मोठी दुर्बीण होती आणि ज्येष्ठ मंडळींची पाळी येईपर्यंत थवा बराच हलला होता.

नरारा येथील प्रवाळांवरची पायी फेरीही याच सहलीत असते. तो भाग १९८२ साली घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. तिची व्यवस्था आयोजक चोख करतात. ती सोय आणि मुक्काम शुल्कात धरलेले आहेत, रेल्वेचे तिकीट मात्र वेगळे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी नराराची फेरी टाळावी, कारण पाय चिखलात रुततो आणि प्रवाळाचे दगड निसरडे असतात. थवा किनाऱ्यावर बसूनही नीट दिसतो. खानापूर किंवा निपाणीकडून येणाऱ्यांनी स्वतःची दुर्बीण जरूर बरोबर घ्यावी आणि नाव नोंदवताना निवडलेल्या तारखांना भरती सकाळच्या उजेडात येते का, हे आयोजकांना विचारून घ्यावे.