बंडी हाताने शिवताना: धावदोरा की उलटी टीप?

मांजरपाट, म्हणजे बंडीचे जाडेभरडे सुती कापड, आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बंडी आखडते.

धावदोरा भराभर होतो. सुईवर तीन-चार टाके घेऊन एकदम ओढायचे. दोराही कमी लागतो, शिवणीच्या लांबीपेक्षा थोडाच जास्त. बाजूच्या सरळ शिवणीला चालतो. पण ओढून घेतला की कापडाला चुण्या पडतात, आणि एका जागी तुटला की शिवण सरकत उसवते.

काखेत, खांद्यावर मात्र उलटी टीपच हवी. निंदण, डवरणीत (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) हात सारखा ताणला जातो, तिथे धावदोरा टिकत नाही. सुई पुढे काढा, मागच्या टाक्याच्या टोकाशी खुपसा, तिथून दोन टाक्यांइतकी पुढे पुन्हा काढा. टाका सुमारे ३ मिलिमीटर. दोरा शिवणीच्या तिप्पट लागतो, वेळही भरपूर. पण एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की पीळ बसून गाठी पडतात.

घाई असेल तर चार धावटाक्यांमागे एक उलटा घाला. बाजूला तेवढे पुरते, काखेला नाही.